डोपामाइन बाहेरून का देता येत नाही

पार्किन्सन, म्हणजे आपल्याकडे कंपवात म्हणतात त्या आजाराच्या नेहमीच्या गोळीचं पाकीट उलटं करून वाचलं तर दोन नावं दिसतात. लेव्होडोपा आणि कार्बिडोपा. आजारावर काम करतं ते पहिलं. दुसरं एकटं घेतलं तर कंपवाताला त्याचा काडीचाही उपयोग नाही. ते गोळीत असतं ते शरीरातल्या एका एन्झाइमला अडवायला. आणि नवल असं, की तेच एन्झाइम मेंदूत नसेल तर पहिलं औषधही वाया जातं.

एकच एन्झाइम एका जागी हवं आणि दुसऱ्या जागी नको, हे कोडं उलगडलं की बऱ्याच गोष्टी आपोआप समजतात. गोळी जेवणासोबत का घेऊ नये, टीबीच्या औषधांबरोबर बी-६ का देतात, ‘अमुक खा, आनंदाचं हार्मोन वाढेल’ असल्या फॉरवर्डवर किती विश्वास ठेवावा, हे सगळं. मी सोलापुरात औषधाच्या दुकानात काउंटरवर असतो. हे प्रश्न रोज समोर येतात, आणि गर्दीत उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर द्यावं लागतं. इथे जरा सावकाश सांगतो.

डोपामाइन, नॉरअॅड्रेनालिन, अॅड्रेनालिन, सेरोटोनिन, हिस्टामाइन ही सगळी अमाइन गटातली छोटी रसायनं. एका चेतापेशीकडून दुसरीकडे निरोप पोचवणं हे त्यांचं मुख्य काम. ही तयार होतात ती आपल्या रोजच्या जेवणातल्या प्रथिनांपासून. ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी, जे काही प्रथिन पोटात जातं ते पचून त्याची अमिनो आम्लं होतात. त्यातल्या टायरोसिनपासून डोपामाइन आणि त्याच्या पुढची दोन, ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन, हिस्टिडिनपासून हिस्टामाइन.

अमिनो आम्लाचं अमाइन व्हायला फार मोठा बदल लागत नाही. रेणूच्या एका टोकाचा कार्बॉक्सिल गट कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जायला हवा, इतकंच. पण हा बदल आपोआप व्हायचा म्हटलं तर शरीराला परवडणार नाही इतका वेळ लागेल. तो चुटकीसरशी घडवून आणणारं एन्झाइम म्हणजे डिकार्बॉक्सिलेज. आपल्या गोष्टीतल्या डिकार्बॉक्सिलेजचं पूर्ण नाव अॅरोमॅटिक एल-अमिनो अॅसिड डिकार्बॉक्सिलेज. डोपापासून डोपामाइन करणारं हेच (डोपा म्हणजे टायरोसिन आणि डोपामाइन यांच्या मधला टप्पा; गोळीतला लेव्होडोपा तो हाच), आणि सेरोटोनिनचा शेवटचा टप्पा पुरा करणारंही हेच.

याचा शोध मेंदूत लागलेला नाही. १९३८ साली जर्मनीत पेटर होल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते गिनीपिगच्या मूत्रपिंडात सापडलं. मूत्रपिंडाच्या अर्कात डोपा घातला की त्याचा डोपामाइन होतो, असं त्यांना दिसलं. त्या काळी डोपामाइन मेंदूत काही काम करतो अशी कुणाला कल्पनाही नव्हती. पुढच्याच वर्षी, जर्मनी सोडून केंब्रिजला आलेल्या हेर्मान ब्लाश्को यांनी पूर्ण साखळी मांडली: टायरोसिन, मग डोपा, मग डोपामाइन, मग नॉरअॅड्रेनालिन, शेवटी अॅड्रेनालिन. पुढच्या संशोधनातून ही साखळी बरोबर ठरली. पण एन्झाइम मूत्रपिंडात सापडलं ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कारण ते तिथे आहेच, शिवाय यकृतात आहे, आतड्याच्या अस्तरात आहे. मूत्रपिंड स्वतःपुरता डोपामाइन करतं आणि तो लघवीवाटे सोडियम बाहेर टाकायला मदत करतो. त्याचा मेंदूशी संबंध नाही.

आता साखळीचे टप्पे बघू. पहिला टप्पा टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमचा. ते टायरोसिनचा डोपा करतं. त्याला ऑक्सिजन लागतो, लोह लागतं आणि टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाचा एक सहायक रेणू लागतो. सगळ्या साखळीत हा टप्पा सर्वांत धिम्या गतीचा. यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. सूत रंगून आलेलं आहे, माग मोकळे आहेत, कामगार हजर आहेत, पण बीम भरून आला नाही तर एकही चादर निघत नाही. आणखी दहा माग बसवले तरी काही फरक पडत नाही. टायरोसिन हायड्रॉक्सिलेजचं तसंच. त्याच्या पुढचं डिकार्बॉक्सिलेज इतकं झपाट्याने काम करतं की डोपा हाती आला रे आला की त्याचा डोपामाइन झालेला असतो. पेशीत डोपा साठलेला सापडतच नाही म्हटलं तरी चालेल.

या धिम्या टप्प्यावर शरीराचा ताबाही तितकाच कडक. पेशीत डोपामाइन वाढला की तोच मागे येऊन टायरोसिन हायड्रॉक्सिलेजला आवरतो. चेतापेशी जोरात काम करत असेल तर या एन्झाइमवर फॉस्फेटचे गट चढतात आणि त्याचा वेग वाढतो. एरवी त्याला लागेल तेवढं टायरोसिन जवळपास नेहमीच हाताशी असतं. म्हणून टायरोसिनची पावडर खाऊन धडधाकट माणसाचा डोपामाइन वाढेल, ही आशा फोल आहे. अडचण कच्च्या मालाची नसतेच.

डोपामाइन तयार झाला की पुढे काय, हे पेशी कुठली आहे त्यावर ठरतं. मेंदूच्या मध्यभागी खालच्या बाजूला काळसर रंगाचा एक भाग आहे, त्याला सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणतात. तिथल्या पेशींत पुढचं एन्झाइमच नाही, त्यामुळे साखळी डोपामाइनपाशी थांबते. हालचालींवर ताबा ठेवायला तोच लागतो. मेंदूच्या देठातल्या दुसऱ्या काही पेशींत डोपामाइन बीटा हायड्रॉक्सिलेज असतं. ते तांबं आणि क जीवनसत्त्व वापरून डोपामाइनचं नॉरअॅड्रेनालिन करतं, आणि हे काम ज्या इवल्याशा पिशव्यांत निरोपाचं रसायन साठवलेलं असतं त्यांच्या आतच चालतं. मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीच्या गाभ्यात आणखी एक एन्झाइम असतं, ते नॉरअॅड्रेनालिनचं अॅड्रेनालिन करतं. या शेवटच्या एन्झाइमला कॉर्टिसोल हे हार्मोन भरपूर लागतं, आणि ते त्याच ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून रक्तावाटे थेट गाभ्यात उतरतं. ग्रंथीची रचनाच अशी की बाहेरच्या थरात बनलेलं आतल्या थराला आयतं मिळावं. शरीराची अशी मांडणी बघितली की मला खरोखर थक्क व्हायला होतं.

सेरोटोनिनची वाट थोडी वेगळी, पण शेवटचं वळण तेच. ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम ट्रिप्टोफॅनला एक पायरी पुढे नेतं, मग आपलं ओळखीचं डिकार्बॉक्सिलेज त्याचं सेरोटोनिन करतं. मेंदूतलं ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज आणि आतड्यातलं ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज ही दोन वेगळ्या जनुकांची आहेत, हे २००३ मध्ये समजलं. शरीरातलं ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात बनतं आणि तिथेच आतड्याच्या हालचालीसाठी वापरलं जातं. ते रक्तातून मेंदूत जात नाही. मेंदू स्वतःचं सेरोटोनिन स्वतः करतो. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं, पण केळं खाऊन ते मेंदूत पोचत नाही हेही तितकंच खरं. केळं चांगलं फळ आहे, भूक लागली तर जरूर खावं. पण उदास माणसाला डॉक्टरकडे न नेता केळी चारत बसू नये. हे मी कळकळीने सांगतो, कारण अशा सल्ल्यांपायी उपचार लांबलेली माणसं मी पाहिली आहेत.

हिस्टामाइनचं डिकार्बॉक्सिलेज मात्र स्वतंत्र. ते त्वचेतल्या आणि श्वासमार्गातल्या मास्ट पेशींत, जठरात आणि मेंदूच्या हायपोथॅलॅमसमधल्या एका छोट्या भागात असतं. म्हणूनच एकच हिस्टामाइन अंगाला खाज आणतं, पोटात आम्ल वाढवतं आणि मेंदूत आपल्याला जागं ठेवतं. सर्दीच्या जुन्या गोळीने, क्लोरफेनिरामिनने, झोप का येते? ती मेंदूत शिरते आणि तिथल्या हिस्टामाइनचं काम बंद पाडते.

या दोन्ही डिकार्बॉक्सिलेजना एक सहायक लागतो, पायरिडॉक्सल फॉस्फेट. तो येतो बी-६ जीवनसत्त्वापासून. टीबीच्या रुग्णाला आयसोनियाझिड देतात ते जंतूंना मारतं, पण जाता जाता बी-६ सुद्धा कमी करतं. मग हातापायाला मुंग्या येतात, तळवे जळजळतात. मुंग्यांमागे एकट्या डिकार्बॉक्सिलेजचाच हात असतो असं नाही, बी-६ लागणारी एन्झाइम शरीरात अनेक आहेत. टीबीच्या गोळ्यांच्या जोडीला ती एक बारीक गोळी दिलेली असते ती याचसाठी. ‘ही तर साधी व्हिटॅमिनची आहे’ म्हणून ती मध्येच सोडून देणारे बरेच असतात. सोडू नका.

आता कंपवाताकडे येऊ. या आजारात सबस्टॅन्शिया नायग्रातल्या डोपामाइन करणाऱ्या पेशी मरत जातात. लक्षणं दिसू लागतात तोवर बराच डोपामाइन आटून गेलेला असतो. हात थरथरतो, चाल आखडते, चेहरा भावहीन वाटतो, अक्षर बारीक होत जातं.

हे डोपामाइनच्या अभावाने होतं हे कळण्याच्या वाटेवर आपल्या मातीतलं एक झाड आहे. सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरचा सर्पगंधेचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. काही वर्षांत तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. रेसर्पिनमुळे चेतापेशींतल्या त्या छोट्या पिशव्या रित्या होतात. १९५७ मध्ये स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी जनावरांना रेसर्पिन दिलं तेव्हा ती निपचित पडली. मग त्यांना डोपा टोचला आणि ती पुन्हा उठून हालचाल करू लागली. डोपामाइन हे मेंदूतलं स्वतंत्र निरोप्या रसायन आहे हे त्यातून पुढे आलं. कार्लसन यांना २००० सालचं नोबेल मिळालं. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकेविच यांनी कंपवाताने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले, तेव्हा त्यात डोपामाइन फार कमी सापडला.

मग डोपामाइनच द्यावा की. पण रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो पडदा आहे, तो डोपामाइनला आत सोडत नाही. डोपाला मात्र सोडतो. डोपा हे अमिनो आम्ल आहे, आणि मोठ्या अमिनो आम्लांना आत नेणारं एक वाहक प्रथिन त्या पडद्यावर असतं, ते डोपालाही उचलून नेतं. आत गेल्यावर मेंदूतलं डिकार्बॉक्सिलेज त्याचा डोपामाइन करतं. बंद पडलेला धिमा टप्पा असा ओलांडता येतो.

१९६१ मध्ये व्हिएन्नातच रुग्णांना डोपाची इंजेक्शनं दिली गेली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी तो तोंडावाटे, थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवत दिला आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली. पण मात्रा दिवसाला काही ग्रॅमपर्यंत न्यावी लागायची आणि रुग्ण ओकून ओकून बेजार व्हायचे. कारण तेच, मूत्रपिंडात सापडलेलं एन्झाइम. पोटातून निघालेला बहुतेक डोपा आतड्यात आणि यकृतातच डोपामाइन होऊन जायचा. मेंदूपर्यंत शंभरातला एखाद-दुसरा भाग पोचायचा. आणि उलटीचं केंद्र मेंदूच्या ज्या कोपऱ्यात आहे तिथे हा पडदा सैल असतो, म्हणून बाहेर बनलेला डोपामाइन नेमका तिथे जाऊन लागायचा.

कार्बिडोपाचं काम इथलं. ते डिकार्बॉक्सिलेजच्या बी-६ असलेल्या जागी चिकटून त्याला बंद पाडतं. पण ते स्वतः तो पडदा ओलांडू शकत नाही. म्हणजे शरीरातलं एन्झाइम बंद आणि मेंदूतलं चालू. ते सोबत दिलं की लेव्होडोपाची मात्रा साधारण तीन-चतुर्थांशाने कमी करता येते. एखादी गोष्ट पडद्यापलीकडे जात नाही हा औषधाचा दोष मानला जातो. इथे तोच दोष कामी आला, आणि औषधशास्त्रात याच्या तोडीची युक्ती मला क्वचितच दिसली.

पाकिटावरचे आकडेही इथे वाचायला शिका. ११० लिहिलेल्या गोळीत १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा असतं. १२५ च्या गोळीत लेव्होडोपा तेवढंच, १०० मिलिग्रॅम, पण कार्बिडोपा २५. शरीरातलं एन्झाइम पुरतं अडवायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम कार्बिडोपा लागतं. ११० च्या तीन गोळ्यांत ते ३० भरतं, १२५ च्या तीन गोळ्यांत ७५. गोळी सुरू केल्यावर फार मळमळत असेल तर हा हिशोब डॉक्टरांना विचारण्यासारखा आहे. ११० नाही म्हणून दुकानदाराने १२५ दिली, किंवा उलट, असं होऊ देऊ नका. आणि मळमळीवर घरात पडलेली मेटोक्लोप्रमाइडची गोळी कंपवाताच्या माणसाला कधीही देऊ नका. ती मेंदूत शिरून डोपामाइनचं काम अडवते आणि आजार वाढल्यासारखा होतो.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक बाई सासऱ्यांची औषधं न्यायला येतात. सासरे आयुष्यभर मागावर होते. एकदा त्या म्हणाल्या, “दादा, मामंजींना सकाळची गोळी लागूच होत नाही बघा. दुपारची बरी लागते.”

“सकाळी गोळी कशाबरोबर देता, ताई?”

“खाण्याबरोबरच. कडक भाकरी दुधात कुस्करून, वर शेंगाचटणी. अनशेपोटी गोळी कशी द्यायची?”

दूध आणि शेंगाचटणी, दोन्हींत प्रथिन भरपूर. त्यातून निघालेली अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा एकाच वाहक प्रथिनावर बसायला बघतात, आधी आतड्यात आणि पुन्हा मेंदूच्या पडद्यावर. गर्दीत लेव्होडोपा मागे राहतो. त्यांना मी डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं, आणि डॉक्टरांनी गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी द्यायला सांगितली. काही दिवसांनी मामा स्वतः दुकानात आले. सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी माझ्यासमोर काढून पुन्हा लावून दाखवलं. दोन्ही हातांनी, सावकाश, पण स्वतः. शेंगाचटणी सोडावी लागली नाही, फक्त गोळीची वेळ बदलली. प्रथिन बंद करू नका, म्हातारपणी तेही लागतंच.

त्याच ताईंनी कुणीतरी दिलेली कवचबीजाची पावडरही एकदा आणून दाखवली. खाजकुइलीच्या बिया त्या. यांत लेव्होडोपा खरोखरच असतो. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच तो या बियांतून वेगळा काढला होता. म्हणूनच ती जपून वापरायची गोष्ट आहे. पावडरीत किती आहे हे चमच्यागणिक बदलतं, आणि गोळी चालू असताना वर ती घेतली तर मात्रा नकळत वाढते. घ्यायचीच असेल तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवून, त्यांच्यापासून लपवून नाही.

मात्रा वाढली तर काय होतं हे समजायला पुन्हा एन्झाइमकडेच जावं लागतं. डोपामाइनच्या पेशी मेल्या तर लेव्होडोपाचा डोपामाइन करतं कोण? उरलेल्या थोड्या पेशी करतात, आणि सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशीही करतात, कारण डिकार्बॉक्सिलेज त्यांच्याकडेही आहे. पण सेरोटोनिनच्या पेशींना डोपामाइन किती सोडायचा, कधी थांबायचं याचा अंदाज नसतो. एकदम खूप सोडतात, मग एकदम काही नाही. काही वर्षांनी रुग्णाची मान, खांदे, हात आपोआप वळवळू लागतात त्याचं हे एक मोठं कारण. घरच्यांना वाटतं कंप वाढला, आणि ते गोळी वाढवून मागतात. थरथर आणि ही नागमोडी वळवळ यांत फरक आहे. पहिली बहुतेकदा औषध कमी पडल्याची, दुसरी बहुतेकदा औषध जास्त झाल्याची. मोबाइलवर चित्रण करा, शेजारी गोळीची वेळ लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. तोंडी सांगण्यापेक्षा त्यांना त्यातून कितीतरी जास्त कळतं.

शेवटी एक दुर्मीळ आजार, कारण तो ओळखला जात नाही म्हणून मुलं वर्षानुवर्षं भोगतात. काही बाळांना जन्मतः हे डिकार्बॉक्सिलेजच नीट बनत नाही. १९९० मध्ये जुळ्या भावंडांमध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला. बाळ लुळं असतं, मान धरत नाही, आणि डोळे वर चढून तासन् तास तसेच राहतात. त्याला फिट समजून औषधं सुरू होतात. लेव्होडोपाचाही सहसा उपयोग होत नाही, कारण त्याचा डोपामाइन करणारंच जागेवर नाही. आता या एन्झाइमचं जनुक निरुपद्रवी विषाणूत घालून शस्त्रक्रियेने थेट मेंदूतल्या पुटामेन या भागात सोडतात. युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत नोव्हेंबर २०२४ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली. कधी मान न धरलेली काही मुलं त्यानंतर बसू लागली आहेत. निदानाची सुरुवात मात्र साधी आहे. टिपकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबात थ्री-ओ-मिथाइलडोपा वाढलेलं आहे का, हे तपासता येतं. वापरच होत नसल्याने साठलेल्या डोपापासून ते बनतं. डोळे वर चढणाऱ्या लुळ्या बाळाचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, नॉर्मल येत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना ही तपासणी करायची का, हे आईबापांनी जरूर विचारावं.